विजापूरचं जुनं स्टील एनग्रेव्हिंग: ओळखायचं कसं, कुणाचं आहे, आणि फ्रेममधून काढायचं कसं?

शाईकागद (सोलापूर)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका जुन्या वाड्याची आवराआवर चालू आहे. त्यात परदेशी छपाईची तीन निसर्गचित्रं निघाली आहेत. तिन्ही काचेच्या फ्रेममध्ये आहेत, मागे लाकडी फळी. माहिती हवी आहे.

१. विजापूरचा गोल घुमट, रंगीत. चित्र साधारण 19 × 12 सेंमी. तळाला डावीकडे बारीक अक्षरांत एस. प्राउट, शेजारी कमांडर इलियट, आर. एन. उजवीकडचं नाव माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) गेलंय. मधोमध फिशर, सन अँड कंपनी, लंडन. साल दिसत नाही.

२. नदी, पूल, मागे गाव. काळंपांढरं, पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं. डावीकडे टर्नर, उजवीकडे आर. ब्रँडर्ड. शीर्षक माउंटखाली.

३. तळं आणि बर्फाचे डोंगर. अक्षरं जर्मन आहेत, त्यात हिल्डबुर्गहाऊझेन या गावाचं नाव लागतं. चित्रकाराचं नाव कुठेच नाही.

प्रश्न असे: ही खरी स्टील एनग्रेव्हिंग (पोलादी प्लेटवर रेघा कोरून छापलेली चित्रं) आहेत की नंतरच्या नकला? नावं दोन-दोन, तीन-तीन का? गोल घुमटाचे रंग मूळचे आहेत का? कागदावर तपकिरी ठिपके आलेत आणि माउंटच्या कडेने तपकिरी पट्टा उमटलाय, त्याचं काय करावं? फ्रेमवाला म्हणतो, ‘कडा कापून नव्या फ्रेममध्ये बसवून देतो.’ द्यावं का?

रेघोटी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: कडा कापू देऊ नका. तळाची ती बारीक ओळ गेली तर चित्राची ओळखच गेली. फ्रेमवाल्याकडे काहीही नेण्यापूर्वी तिन्ही चित्रांच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

आता ओळखायचं कसं ते. सराफाकडे असतं तसलं दहापट भिंग घ्या. काच न काढताही जमतं, फक्त मोबाइलचा उजेड एका बाजूने, तिरपा टाका.

गुलाबी-निळे-पिवळे ठिपके फुलासारखे जुळलेले दिसले तर ती ऑफसेटवरची, म्हणजे आधुनिक रंगीत छपाईची नक्कल, विषय संपला. खडबडीत दगडावर खडू फिरवल्यासारखे दाणे दिसले तर शिळाछाप. बारीक बारीक पांढऱ्या बेटांभोवती शाईची जाळी दिसली तर अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने छटा उठवून छापलेलं चित्र. या तिन्हींत रेघ ही मूळ गोष्ट नसते. एनग्रेव्हिंगमध्ये काळोख, ढग, पाणी, सगळंच रेघांचं आणि टिंबांचं असतं.

रेघांची टोकं बघा. ब्युरिनने म्हणजे कोरणीने कापलेली रेघ मध्ये फुगीर आणि टोकाला सुईसारखी निमुळती होते, कारण हत्यार धातूत हळूहळू शिरतं आणि हळूहळू बाहेर येतं. अ‍ॅसिडने खाल्लेली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची आणि टोकाला बोथट असते. निसर्गचित्रात दोन्ही सापडतात. झाडं, खडक, जमीन आधी अ‍ॅसिडने, मग वरून कोरणीने. दोन्ही सापडली म्हणून गोंधळू नका, तीच त्या काळची रीत होती.

मग आकाश बघा. स्वच्छ आकाशात अगदी सरळ, समांतर, जवळजवळ आखलेल्या रेघा असतील. त्या हाताच्या नाहीत, रेघा आखण्याच्या यंत्राच्या आहेत. विल्सन लाउरी या इंग्रज कोरक्याने असं यंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस बनवलं आणि हिऱ्याचं टोक वापरून बारीक रेघ साधली.

तांबं की पोलाद? तांबं मऊ. छपाईच्या दाबाने आणि प्रत्येक वेळी शाई पुसण्याने रेघा झिजतात आणि काही शे प्रतींनंतर करड्या छटा उडायला लागतात. म्हणून तांब्यावर रेघा फार जवळ घेता येत नाहीत. पोलादावर हजारो प्रती निघतात, त्यामुळे कोरक्याने रेघा इतक्या जवळ घेतल्या की साध्या डोळ्याला चंदेरी करडा रंग दिसतो. तांब्याचा काळा जरा मऊ आणि उबदार, पोलादाचा थंड आणि काटेकोर.

सालाचाही आधार आहे. जेकब पर्किन्स 1819 मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला आला तो नकली नोटांना आळा घालणारी पोलादी प्लेट घेऊन. पुढच्या काही वर्षांत चार्ल्स वॉरन, चार्ल्स हीथ वगैरे कोरक्यांनी ती पुस्तकातल्या चित्रांसाठी वापरली. त्यामुळे 1820 च्या आधीचं निसर्गचित्र कुणी ‘स्टील’ म्हणून दाखवलं तर सावध व्हा. उलट 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या प्लेटवर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती आली. तेव्हापासून तांबंही हजारो प्रती देऊ लागलं आणि अख्ख्या पोलादावर कोरायची गरज ओसरली. त्यानंतरच्या छापांत भिंगाने तांबं-पोलाद वेगळं काढायला जाऊ नका, खात्रीने सांगता येत नाही.

प्लेटचा दाब, म्हणजे चित्राभोवतीची खोलगट चौकट, शोधाल आणि सापडणार नाही. पुस्तकासाठी छापलेल्या चित्रांत ती बहुधा बांधणीच्या वेळी कापली जाते. नसली म्हणून चित्र खोटं ठरत नाही. त्यापेक्षा एका कडेला शिलाईची भोकं आहेत का ते बघा.

तांबटआळी

रेघोटी यांनी तंत्र सांगितलंच आहे, मी माणसांकडे वळतो.

तळाची ओळ वाचायची पद्धत: डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरक्या, मधोमध खाली प्रकाशक. नावापुढे ‘पिंक्स.’ असेल तर रंगचित्र त्याचं, ‘डेल.’ असेल तर रेखाटन त्याचं, ‘स्कल्प.’ असेल तर कोरीवकाम त्याचं. तुमच्या पहिल्या चित्रात तीन हात आहेत आणि ते तीन वेगळ्या जागी चाललेत.

पहिला हात रॉबर्ट इलियटचा. हा ब्रिटिश आरमाराचा अधिकारी, त्याने 1820 च्या दशकात हिंदुस्थानात जागेवर बसून कच्ची रेखाटनं केली. दुसरा सॅम्युअल प्राउटचा (1783–1852). हा युरोपातल्या जुन्या गावांची, चर्चची, पडक्या भिंतींची चित्रं काढण्यात नावाजलेला. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. इलियटच्या कच्च्या रेखाटनावरून त्याने लंडनमध्ये पूर्ण चित्र तयार केलं. तिसरा हात माउंटखाली लपलेल्या कोरक्याचा, आणि कागदावर प्रत्यक्ष उमटलेली एकूण एक रेघ त्याची. फिशरने काढलेल्या या चित्रमालिकेसाठी प्राउटखेरीज क्लार्कसन स्टॅनफील्ड, डेव्हिड कॉक्स, जॉर्ज कॅटरमोल, विल्यम पर्सर अशांनीही इलियटची रेखाटनं चित्रांत उतरवली.

म्हणून या चित्राला विजापूरचा फोटो समजू नका. सोलापुरातून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास, तेव्हा छायाप्रत घेऊन जा आणि समोर धरून ताडून बघा. चार कोपऱ्यांचे मनोरे अष्टकोनी आहेत का, प्रत्येकाचे सात मजले भरतात का, वरची छोटी घुमटी आहे का, भिंतीच्या वर बाहेर आलेला रुंद सज्जा आहे का, मोठ्या घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांची माळ आहे का. जे जुळेल ते इलियटने नीट टिपलेलं. दगडाच्या कडा मोडक्या, भिंती पावसाने खाल्लेल्या, अशी तुटक रेघ जिथे दिसेल तिथे प्राउटची ठेवण समजा. युरोपातल्या चर्चच्या भिंतीही तो तशाच काढायचा. पुढे उभी असलेली माणसं, उंट, झाडं हा तर बहुतेक वेळा चित्र भरण्याचा मसाला.

सालाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. फिशर कंपनीने या प्लेटी पुन्हा पुन्हा वापरल्या. 1830 ते 1833 मध्ये इलियटची मालिका निघाली, त्याच सुमाराला त्यातल्या प्लेटी फिशरच्या वार्षिक ‘ड्रॉइंग रूम स्क्रॅप बुक’मध्ये लेटिशिया लँडनच्या कवितांसोबत आल्या, आणि 1835 मध्ये एमा रॉबर्ट्सच्या वर्णनांसह पुन्हा. म्हणजे माउंटखाली 1832 निघालं तरी ते प्लेटचं साल झालं, तुमच्या हातातला कागद त्यानंतर कधीही छापलेला असू शकतो. आकाशातल्या सगळ्यात फिक्या रेघा बघा. त्या अखंड असतील तर छाप लवकरची, मधेमधे तुटून विरळ झाल्या असतील तर उशिराची.

टर्नरचं (इंग्रज निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर) चित्र जास्त मोलाचं वाटतं. फ्रान्सच्या नद्यांवरची त्याची 61 चित्रं स्टीलवर कोरली गेली: लुआर नदीची 21 (1833), सेन नदीची 20 आणि 20 (1834, 1835). योजना चार्ल्स हीथची. रॉबर्ट ब्रँडर्ड त्या कोरक्यांपैकी एक, म्हणून आकार आणि विषय पाहता शोध तिथूनच सुरू करा. माउंट काढल्यावर गावाचं नाव मिळालं की नदी कळेल आणि नदीवरून पुस्तकाचा कोणता खंड ते कळेल. याच 61 प्लेटी 1853 मध्ये बोन या प्रकाशकाने एका खंडात पुन्हा काढल्या, तेव्हा झिजेची तीच तपासणी इथेही करा.

या कोरक्यांचं काम किती अवघड होतं ते बघण्यासारखं आहे. टर्नरने ही चित्रं हाताच्या पंजाएवढ्या निळ्या कागदावर अपारदर्शक रंगांनी काढली. निळा कागद हीच मधली छटा, त्यावर पांढरा, पिवळा, लाल. कोरक्याकडे फक्त काळी शाई आणि पांढरा कागद. लाल कापड किती गडद धरायचं, पिवळा उजेड पांढरा सोडायचा की एक हलकी रेघ द्यायची, हे सगळं त्याने ठरवायचं. शिवाय छाप उलटी पडते, म्हणून मूळ चित्र आरशात बघून कोरायचं. टर्नर कच्च्या छापा मागवून त्यावर खडूने आणि चाकूने खरवडून दुरुस्त्या करायचा आणि परत पाठवायचा. तांब्यावर चूक झाली तर मागून ठोकून पृष्ठभाग वर घेता येतो, पोलादावर ते फारच जिकिरीचं. एका प्लेटवर महिनोन् महिने जात. ब्रँडर्ड, विल्यम मिलर, विलमोर, गुडॉल, वॉलिस ही नावं टर्नरच्या बरोबरीने घेतली पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी टर्नरची मूळ चित्रं कधीच पाहिली नाहीत अशा लाखो लोकांपर्यंत टर्नर पोचला तो या लोकांच्या रेघांमधून.

तिसरं चित्र: हिल्डबुर्गहाऊझेन म्हणजे योझेफ मायरची संस्था. 1833 पासून तिने ‘युनिव्हर्सुम’ नावाची स्वस्त चित्रमालिका हप्त्याहप्त्याने काढली. त्यातली बरीच चित्रं इंग्रजी-फ्रेंच प्लेटींवरून उतरवलेली असत आणि मूळ चित्रकाराचं नाव गाळलेलं असे. तळं आणि हिमशिखरं स्वित्झर्लंडची असतील तर विल्यम हेन्री बार्टलेटच्या 1836 च्या स्वित्झर्लंडच्या चित्रांशी ताडून बघा. जुळलं तर चित्रकार मिळाला.

हळदकुंकू

थोडी भर. पश्चिम हिंदुस्थानातली जुनी चित्रं विकताना सगळ्यालाच ‘स्टील एनग्रेव्हिंग’ म्हणतात. थॉमस आणि विल्यम डॅनियलची मोठी ‘ओरिएंटल सीनरी’ (1795–1808) अ‍ॅक्वाटिंट आहे. ग्रिंडलेची 1826–30 मधली पश्चिम हिंदुस्थानची चित्रंही अ‍ॅक्वाटिंट, आणि ती रंगवूनच विकली जात. मात्र विल्यम डॅनियलच्याच चित्रांवरून 1834 पासून निघालेलं ‘ओरिएंटल अ‍ॅन्युअल’ स्टीलचं आहे. एकच चित्रकार, दोन तंत्रं.

रंगांबद्दल: फिशरची ही चित्रं पुस्तकात बहुतेक काळीपांढरीच यायची. रंग पुढे कुणीतरी, विकण्यासाठी किंवा हौसेने भरले. तपासायला तपकिरी ठिपक्यांवर भिंग धरा. जुन्या ठिपक्याच्या जागी कागदाला दिलेली खळ (ओल शोषू न देणारा थर) मेलेली असते. नंतर भरलेला जलरंग तिथे टीपकागदासारखा शोषला जातो आणि ठिपक्याभोवती गडद कडी दिसते. रंग आधीचा असेल तर ठिपका रंगाच्या आतून वर आल्यासारखा दिसतो, कडी नसते. हिरव्या भागाची मागची बाजूही बघा, तांब्याचा जुना हिरवा कागद मागून तपकिरी करतो.

शाईकागद (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगाने पाहिलं. ठिपके नाहीत. गोल घुमटाच्या आकाशात आखलेल्या समांतर रेघा स्पष्ट आहेत, फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात त्या तुटक होतात. निळा रंग ठिपक्यांवर शोषला गेलाय आणि कडी दिसते. टर्नरच्या आकाशात मात्र फिकी रेघही अखंड आहे.

आता फ्रेममधून काढायची रीत सांगा. कागद मागच्या पुठ्ठ्याला कुठे आणि किती चिकटवलाय ते बाहेरून कळत नाही. आणि ज्या खोलीत लावायचीत तिथे उन्हाळ्यात कूलर असतो.

खळवाले

म्हणजे विजापूरचा छाप थोडा उशिराचा आणि रंग नंतरचे, टर्नरचा छाप चांगल्यापैकी. आता हात लावताना टर्नर शेवटी घ्या, आधी जर्मन चित्रावर हात बसवा.

टेबलावर धुतलेली सुती चादर, त्यावर फ्रेम काचेवर पालथी. मागचा कागद कडेने कापा. खिळे पकडीने ज्या रेषेत ठोकलेत त्याच रेषेत सरळ ओढून काढा, वर उपटू नका, पकड निसटली तर चित्रात घुसते. फळी काढून बाजूला ठेवा. मग अख्खं ओझं, काच-माउंट-चित्र एकत्र धरून, सुलटं करा आणि काच सरळ वर उचला. काचेला कागद कुठेही चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा, ओढला की शाईसकट पापुद्रा निघतो.

चित्र फक्त वरच्या कडेला दोन-चार ठिकाणी चिकटवलेलं असेल तर माउंटचा पुठ्ठा कापून काढा, चित्रापासून पुठ्ठा वेगळा करायचा, पुठ्ठ्यापासून चित्र नाही. पूर्ण पाठ चिकटवलेली असेल तर घरी सोडवू नका. पाणी लावून सोडवायचं सोपं दिसतं, पण रंगीत चित्राचे जलरंग वाहतील. छपाईची शाई तेलाची, ती टिकेल, रंग टिकणार नाही. शिवाय आपल्याकडचं बोअरचं जड पाणी वाळताना क्षार कागदात सोडून जातं. असं काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राला विचारून द्या.

ठिपके घालवायला ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबू, काहीही लावू नका. ठिपका फिका होतो, पण कागदाचे तंतू ठिसूळ होतात आणि पुढे तिथेच भोक पडू शकतं. ठिपका बुरशीने आणि कागदातल्या लोखंडाच्या कणांनी येतो. हवेतला ओलावा साधारण 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की वाढतो. ओलावा आवरला की तो जिथल्या तिथे थांबतो. तेवढं पुरे.

माउंटचा तपकिरी पट्टा हा स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाचा. पट्टा जाणार नाही, पण पुठ्ठा बदलला नाही तर वाढत जाईल. मऊ ब्रशने धूळ झाडा. फक्त कोऱ्या कडांवर पांढऱ्या व्हिनाइल खोडरबराचा चुरा बोटाने हलका फिरवा. छापलेल्या भागावर आणि पेन्सिलच्या जुन्या नोंदींवर अजिबात नाही.

नवा माउंट आम्लविरहित बोर्डाचा घ्या, दीड मिमी जाडीचा. खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी 5 ते 8 मिमी मोठी आणि खाली इतकी की नावांची ओळ आणि शीर्षक दोन्ही पूर्ण दिसतील. चित्र धरायला जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन पट्ट्या, फक्त वरच्या कडेला, चित्रावर 4–5 मिमीच चिकटतील अशा. बाकी तीन बाजू मोकळ्या, कारण कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. चारही बाजू चिकटवल्या की लाटा उठतात. सेलोटेप आणि फेविकॉल वर्ज्य.

खळ गव्हाच्या शुद्ध स्टार्चची: एक भाग स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, तासभर भिजवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार झाल्यावर दोनदा गाळा आणि दह्याइतकी पातळ करा. कुरडईचा चीक वापरायचा मोह होईल. तो आंबवलेला असतो, आंबटपणा कागदाला मारक. मैद्याच्या खळीवर कसर येते.

चिकटवल्यावर टीपकागद आणि वजन ठेवून अर्धा-पाऊण तास वाळू द्या, तेवढ्यात टीपकागद एकदा बदला.

आता कूलर. सोलापूरचा एप्रिल-मे कोरडा, 40 अंशांच्या वर. अशा हवेत कागद आकसतो आणि त्याच खोलीत कूलर लागला की काही मिनिटांत ओलावा चढतो. रोजचा हा चढउतार चित्राला पावसाळ्यापेक्षा वाईट. त्या खोलीत लावू नका. जागाच नसेल तर झोतापासून दूरच्या आतल्या भिंतीवर लावा. पश्चिमेची, उन्हाने तापणारी भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेलीही नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. काच आणि चित्र यांच्यात माउंटची जाडी राहिलीच पाहिजे. ओला कडुनिंबाचा पाला मागे खोचू नका, तो ओल धरतो आणि डाग पाडतो.

जुनी लाकडी फळी पुन्हा वापरू नका, तिच्या गाठी कागदावर उमटतात. पण त्यावर दुकानाची चिठ्ठी किंवा हाताने लिहिलेलं काही असेल तर फोटो काढून फळी वेगळी जपून ठेवा. आणि माउंट निघाल्यावर गोल घुमटाच्या उजव्या कोपऱ्यातलं कोरक्याचं नाव आणि टर्नरच्या गावाचं नाव इथे टाका, तांबटआळींना पुढचं लावता येईल.